माहेरच्या चढणीवरची गळती

"मिस्त्री हाय काय गो आत?"

कुवारबावच्या नाक्यावरून जरा पुढे, रस्त्याला लागून असलेल्या 'गारवा कार एसी' या दुकानासमोर एक जुनी पांढरी गाडी येऊन थांबली होती आणि चालवणारे काका खिडकीतून मान बाहेर काढून विचारत होते. विचारत होते ते दर्शनालाच. तिच्या अंगावर निळा डगला होता, हातात पाना होता आणि कपाळावर तेलाचा काळा पट्टा उमटलेला होता.

"मीच मिस्त्री. बोला काका."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागे, दुकानात आणखी कोणी आहे का, तेही पाहिलं. तेवढ्यात पलीकडचं दार उघडून काकी उतरल्यासुद्धा.

"आवो, तिच्या हातातला पाना दिसत नाय काय तुमाला? उतरा खाली. येवढ्या गॅरेजवाल्यांनी गाडी बघितली, काय दिवे लावले? आता ही बघूंदे."

हे होते पूर्णगडचे महिपतकाका आणि त्यांच्या नंदाकाकी. काकांनी उभी हयात एसटीची गाडी चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलाने, विनोदने, मुंबईत स्वतःसाठी नवी गाडी घेतली आणि ही जुनी वडिलांना आणून दिली. काका खूश होते, कारण स्टेअरिंगशिवाय त्यांच्या हातांना करमत नव्हतं. काकी खूश होत्या, कारण गाडीत एसी होता. मागच्या वैशाखात त्या खिडक्या उघड्या ठेवून भाच्याच्या लग्नाला माहेरी गेल्या, तेव्हा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ, पार करताना वाऱ्याने अंबाडा सुटला, तोंडावर लाल धुळीचा थर बसला, आणि भावजयीने भर मांडवात विचारलं, "वन्सं, चालत इलात काय?" ते त्यांच्या मनातून अजून गेलेलं नव्हतं.

"तक्रार काय आहे गाडीची?" दर्शनाने विचारलं.

"गाडीची काय नाय. ह्यांची हाय," काकी म्हणाल्या. "रत्नागिरीला येवा, एसी चालू. पावसला जावा, चालू. मासळी आणायला जावा, चालू. माझ्या माहेरच्या वाटेला लागलो, की बंद! दरवेळी! हे मुद्दाम काय तरी करतात बघ."

"एसीला काय कळतंय तुझा माहेर कुठं हाय ता?" काका कळवळून म्हणाले. "मी हात पन लावत नाय त्या बटनाला, बाय. गॅरेजवाले गॅस भरून देतात, चार दिस गार लागतो, मंग संपतो."

"काका, गॅस संपत नसतो," दर्शना हसून म्हणाली. "तो काय पेट्रोल आहे जळायला? आत कोंडलेला असतो आणि तिथेच गोल गोल फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. कुठून गेला ते शोधायचं सोडून नुसता भरत राहायचं, म्हणजे फुटक्या कळशीत पाणी ओतायचं. सोडा गाडी आत."

हे वाक्य ती रोज कोणाला ना कोणाला ऐकवत असे, आणि दरवेळी तितक्याच उत्साहाने. गळती शोधणं हे तिच्या कामातलं तिचं सगळ्यात आवडतं काम होतं. शेजारच्या टायरवाल्याला तर ओळखूच यायचं. दर्शना आत शीळ घालायला लागली, की तो समजायचा, सापडली हिला.

ही आवड लागली होती रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर. दर्शनाचं गाव लांजा तालुक्यातलं, पण तिचे वडील दत्ताराम बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होते, म्हणून बौद्धवाडीतलं घर बंद करून सगळे रत्नागिरीत येऊन राहिले. तिथे बर्फ करायला अमोनिया वापरत. कुठे पाइप गळला की डोळ्यांना धारा लागायच्या, खोकल्याने जीव नकोसा व्हायचा, पण इतक्या पाइपांच्या जंजाळात नेमकी जागा सापडायची नाही. अशा वेळी दत्ताराम गंधकाची वात पेटवून ती पाइपांवरून सावकाश फिरवत. जिथे गळती असेल तिथे वातीचा धूर एकदम पांढराशुभ्र आणि दाट व्हायचा. डबा द्यायला गेलेली लहानगी दर्शना दाराशी उभी राहून ते बघायची. बाबा हवेतलं न दिसणारं काहीतरी पकडून दाखवतात, याचं तिला फार अप्रूप वाटायचं.

दहावीनंतर तिने आयटीआयला फ्रीज आणि एसीच्या दुरुस्तीचा ट्रेड घेतला. वर्गात ती एकटीच मुलगी. पहिले काही दिवस मुलं तिला हत्यारं उचलून द्यायला धावत. मग तिचे पाइपांचे जोड त्यांच्यापेक्षा सरळ यायला लागले आणि धावाधाव थांबली. पुढे मुंबईत चुलत्याकडे राहून तिने गाड्यांच्या एसीचं काम शिकून घेतलं. तिथेच अमरदीप भेटला, तोही रत्नागिरीचाच, परीक्षा द्यायला आलेला. तो इकडे शिक्षक म्हणून लागला आणि लग्न करून दोघे परत आले. आल्यावर तिने हे दुकान टाकलं. पाटीवरचं नाव अमरदीपने सुचवलं होतं. दत्ताराम आता म्हातारे झाले होते, पण दुकान उघडलं त्या दिवशी ते खुर्ची टाकून दिवसभर दारात बसले होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "पोरीचा हाय."

तर महिपतकाकांची गाडी आत आली. दर्शनाने बॉनेट उघडलं. पूर्णगडच्या वाटांवरची लाल माती इंजिनावर अशी बसली होती, की खालचं काही दिसत नव्हतं. तिने आधी पाण्याचा फवारा मारून सगळं लख्ख धुऊन काढलं. मग यंत्रणेत नायट्रोजन भरून दाब किती राहतो ते पाहिलं. काटा जागचा हलला नाही. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. कुठे बुडबुडा आला नाही. तिच्याकडे एक हातात धरायचं यंत्र होतं, गॅसचा वास लागला की चिमणीसारखं चिवचिवणारं. थोडा गॅस भरून तिने ते पाइपांच्या कडेकडेने फिरवलं. ते फक्त एकदाच, गॅस भरायच्या तोंडाशी, हलकंसं चिवचिवलं. तिथल्या झडपेतली छोटी खीळ सैल होती.

"ही बघा तुमची गळती," ती म्हणाली. तिने खीळ बदलली, गॅस भरला, आणि गाडीत असा गारवा आला की काकींनी पदर अंगाभोवती लपेटून घेतला. जाताना त्यांनी दर्शनाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

आठवडा पुरता गेला नसेल, तोच पांढरी गाडी पुन्हा दारात. चारही काचा खाली. काकींचे केस विस्कटलेले.

"गेलतो माहेरी," त्या एवढंच म्हणाल्या.

दर्शनाला वाईट वाटलं. ती सैल खीळ खरीच होती, पण एवढा गॅस तिथून जाणार नाही, हे आपल्या लक्षात यायला हवं होतं. तिने पुन्हा सगळं तपासलं. उभ्या गाडीत कुठेही काही गळत नव्हतं. मग तिने गॅसबरोबर एक रंग आत सोडला.

"हा रंग गॅसच्या तेलाबरोबर सगळीकडे फिरतो," ती काकींना समजावून सांगू लागली. "जिथून गॅस बाहेर येईल तिथे रंगही येईल. साध्या डोळ्यांना दिसणार नाही, पण हा जांभळा दिवा मारला की हिरवा चमकतो. आठ दिवस गाडी फिरवा आणि मला दाखवायला आणा."

काकांनी इमानेइतबारे गाडी फिरवली. रत्नागिरीच्या बाजारात नेली, पावसला नेली, शेजारच्या स्वरूपची वरात आणली. एसी गारच्या गार. आठ दिवसांनी दर्शनाने दुकानाचं शटर अर्धं ओढून अंधार केला आणि जांभळा दिवा इंजिनाच्या कानाकोपऱ्यात फिरवला. हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही.

"मंग आता बरा झाला म्हनायचा?" काकांनी आशेने विचारलं.

काकी मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मी पहिल्या दिवसापास्ना काय सांगतंय, ता कोन ऐकनार हाय काय? एसी माझ्या माहेरच्या वाटेवर बंद पडतो. तुमी गाडी फिरवलीत कुठं? पावसला! वरातीला!"

काका हसले. दर्शनाही हसायला गेली आणि हसता हसता थांबली. पहिल्या दिवशी काकींचं हे बोलणं तिने नवराबायकोची थट्टा म्हणून कानाआड केलं होतं. आता तिला वाटलं, या बाईने तक्रार किती नेमकी सांगितली होती. कुठे चालतो, कुठे बंद पडतो, सगळं. आपणच ऐकलं नाही.

"काकी," ती म्हणाली, "कसा आहे हो तुमच्या माहेरचा रस्ता?"

"कसा म्हंजे? लांज्याच्या अलीकडं आत वळायचा. मंग चढन. अशी उभी, की एसटी पन पयल्या गेरात रडत जायची. खडी उखडलेली. वर सडा लागला की घर आला."

"पुन्हा कधी जायचंय?"

काकींचा चेहरा एकदम उजळला. त्यांच्या गावच्या शाळेतल्या सातवीच्या वर्गातल्या सगळ्या मुली, म्हणजे आता आज्या झालेल्या, येत्या महिन्यात शाळेत जमणार होत्या. कोणी मुंबईहून येणार, कोणी पुण्याहून, कोणी चिपळुणाहून. शाळा सुटल्यापासून कितीजणी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. काकींनी मोरपिशी पैठणी काढून ठेवली होती, आणि सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे केसांत माळायचा गजरा, आधीच सांगून ठेवला होता. "तिथं मला चालत इल्यासारखी उतरायचा नाय," त्या म्हणाल्या. "मला राणीवानी उतरायचा हाय."

"मग त्याच्या आधी एकदा आपण जाऊया," दर्शना म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर. त्या चढणीला."

दोन दिवसांनी दुकानाला कुलूप लावून ती निघाली. चिवचिवणारं यंत्र मांडीवर, जांभळा दिवा आणि त्यातली हिरवी चमक नीट दिसावी म्हणून घालायचा पिवळा चष्मा पिशवीत. काकी गारव्यासाठी शाल घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि त्यांनी डब्यातून आंबोळ्या आणल्या होत्या. हमरस्ता संपेपर्यंत गाडीत आंबोळ्या होत्या, गप्पा होत्या आणि छान गारवा होता. काका एसटीतल्या गमती सांगत होते. लांज्याच्या अलीकडे आत वळल्यावर मात्र तिघंही एसीच्या आवाजाकडे कान देऊन बसली, जशी काही गाडीत एखादी आजारी व्यक्ती झोपली होती.

चढण आली. काकांनी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला, तो खास एसटीच्या पद्धतीने, एका दणक्यात. गाडी हिसका खाऊन वर झेपावली. आणि त्याच क्षणी दर्शनाला पुढच्या बाजूने आवाज आला. ठक्! पुढच्या वळणावर पुन्हा क्लच, पुन्हा हिसका, पुन्हा ठक्.

"काका, हा आवाज नेहमी येतो?"

"कुठचा आवाज?" काका म्हणाले. आयुष्यभर एसटीत बसलेल्या माणसाला तो आवाज वाटतच नव्हता.

चढण संपता संपता जाळीतून येणारी हवा आधी कोमट झाली, मग गरम. काकी मागून विजयी आवाजात म्हणाल्या, "गेला!"

एका काजूच्या सावलीत सपाट जागा बघून दर्शनाने गाडी थांबवायला लावली. बॉनेट उघडून ती यंत्र पाइपांवरून फिरवू लागली. सगळं शांत. उभ्या गाडीत पुन्हा काहीच नाही! तिला तो आवाज आठवत होता. ठक्. असं काय होतं, की जे गाडी चढायला लागल्यावर हलतं आणि थांबली की आपल्या जागी येऊन गुपचूप बसतं?

"काका, परत गाडीत बसा. जरा मागे घेऊन चढणीवर तोंड करून उभी करा," ती म्हणाली. तिने जांभ्याचे दोन मोठे चिरे शोधून मागच्या चाकांना लावले. "हँडब्रेक ओढा. पायातला ब्रेक गच्च दाबून ठेवा. आता पहिल्या गिअरवर क्लच अगदी हळू, केसभर सोडायचा. गाडी पुढे जाता कामा नये, नुसती जोर करू दे."

ती स्वतः बाजूला सरकून उभी राहिली आणि इंजिनाकडे बघू लागली. काकांनी क्लच हळूच सोडला. गाडीने चढणीवर जोर केला, आणि दर्शनाच्या डोळ्यांसमोर अख्खं इंजिन एका बाजूने उचललं गेलं. झोपेतल्या म्हशीने कूस बदलावी तसं ते कलंडलं. त्याला धरून ठेवणारं रबर कधीचं फाटलेलं होतं. आणि इंजिनाबरोबर एसीची एक जाड रबरी नळी ताणली गेली, इतकी, की पत्र्याच्या भिंतीजवळ जिथे ती धातूच्या कडीत दाबून बसवलेली होती तिथे ओढ बसली.

दर्शनाने बाजूनेच हात लांब करून यंत्राचं टोक त्या कडीजवळ नेलं.

यंत्र चिवचिवलं नाही, ते किंचाळलं.

"पुरे! क्लच दाबा! बंद करा गाडी!"

गाडी बंद झाली. इंजिन खाली बसलं आणि थोड्या वेळाने यंत्र गप्प झालं. दर्शनाने नळीवरचं फोमचं जाकीट मागे सारलं. आत, कडीच्या मागच्या अंगाला, ताज्या तेलाचा ओलसर डाग होता आणि त्याला लाल मातीचा लगदा चिकटलेला होता. पहिल्याच दिवशी आपण हे इंजिन फवारा मारून धुतलं, तेव्हा असाच एखादा डाग बाहेर असेल तर तोही धुऊन टाकला, असं तिच्या मनात आलं, आणि ती स्वतःशीच हसली. यापुढे आधी बघायचं, मग धुवायचं.

"काकी, तुमची शाल द्या! या इकडे, बघायचंय ना तुम्हाला?"

तिने शाल बॉनेटखाली पसरून अंधार केला, आणि तिघांनी आपापली डोकी त्या शालीखाली घातली. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला. तिने पिवळा चष्मा काकींच्या डोळ्यांवर चढवला आणि जांभळा दिवा लावला.

कडीच्या भोवती हिरवागार प्रकाश पेटला.

"गो बाय माझे!" काकी पुटपुटल्या. "काजवे बसल्यासारखा दिसतंय!"

"मला बघूंदे," काका म्हणाले. त्यांना चष्मा मिळेना, कारण काकी तो सोडायला तयार नव्हत्या.

तेवढ्यात पाठीमागून रिकामा टेम्पो आला. शालीखाली डोकी घालून वाकलेली तीन माणसं बघून ड्रायव्हरने गाडी थांबवली. "काय झाला? पूजा घातलाव काय?"

शालीखालून एकदम हसण्याचा असा स्फोट झाला, की टेम्पोवाला घाबरून निघूनच गेला. हसणं थांबलं तेव्हा दर्शनाने सगळं समजावून सांगितलं. सपाट रस्त्यावर इंजिन जागेवर राहतं, नळीला ताण नाही, गॅस आतच. उभ्या चढणीवर इंजिन कलतं, नळी ओढली जाते, कडी फाकते आणि गॅस निसटतो. गॅस फार कमी झाला, की यंत्रणा स्वतःच बंद होते.

"म्हंजे," काकी सावकाश म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या वाटेवरच एसी बंद पडतो, ता खरा!"

"आनि मी मुद्दाम बंद करत नाय, ता पन खरा! ऐकलास?" काका म्हणाले.

दोघंही आपापल्या जागी जिंकली होती, त्यामुळे भांडायला काही उरलंच नव्हतं. मग काकींनी उरलेली आंबोळी काकांच्या हातात ठेवली. दर्शना मात्र शीळ घालत हत्यारं गोळा करत होती.

काचा खाली करूनच तिघं परत आली, पण त्या दिवशी कोणाचीच वाऱ्याबद्दल तक्रार नव्हती.

नळी तशीच रत्नागिरीत मिळेना. दर्शनाने कोल्हापूरच्या ओळखीच्या दुकानात मापं कळवून नवी बनवून घेतली, ती एसटीच्या पार्सलने आली. काकांनी डेपोत जुन्या सोबत्यांना ऐटीत सांगून ती स्वतः उतरवून घेतली. इंजिनाचं नवं रबर बसलं, नळी बसली. आतली हवा नि ओल पंपाने ओढून काढून दर्शनाने नव्याने गॅस भरला. मग तिने काकांना शेजारी बसवून क्लच सोडायला शिकवलं. हे फार नाजूक काम होतं, कारण काका अपघाताशिवाय गाडी चालवल्याचा बिल्ला मिळवलेले गृहस्थ होते.

"काका, ही एसटी नाही. हिला धक्का नको. झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालचा हात काढतो ना आपण, तसा पाय काढायचा."

काकांनी एकदा तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पाय काढला, अगदी तसाच. गाडी लोण्यासारखी सरकली. "येवढाच?" ते म्हणाले. "मंग आधी सांगायचा!"

त्यांनी गाडी एका चढावर नेऊन पुन्हा तशीच चिऱ्यांना टेकवून जोर करून पाहिली. इंजिन जागचं हललं नाही. दर्शना यंत्राचं टोक कडीला लावून उभी होती. यंत्र गप्प होतं. पुन्हा एकदा जोर. गप्प. एरवी ती त्याच्या चिवचिवाटाची वाट बघायची. आज ते गप्प आहे म्हणून तिला नाचावंसं वाटत होतं.

शाळेतल्या मेळाव्याचा दिवस आला, तेव्हा काकींनी सकाळी सकाळी फोन केला. "तू येतंयस आमच्यासंगती."

"अहो काकी, आता काही होणार नाही. मी खात्री देते."

"खात्रीसाठी कोन बोलवतंय? आवतान हाय तुला. साडी नेस. डगला नको."

रविवार होता, दुकान बंद होतं, आणि अमरदीप म्हणाला, जा की. दर्शना केशरी साडी नेसून गाडीत बसली. चढणीशी आल्यावर काकांनी पहिला गिअर टाकला, बाळाच्या डोक्याखालून हात काढला, आणि गाडी वर चढली. ठक् नाही की काही नाही. वळण गेलं, दुसरं वळण गेलं, जाळीतून गार वारा येतच राहिला. सड्यावर पोचल्यावर बाहेर कातळ उन्हाने धगधगत होता. आत काकींचा वळेसर सकाळी माळला होता तसा टवटवीत होता, आणि सगळ्या गाडीत सुरंगीचा वास भरून राहिला होता. दर्शनाने मागे वळून पाहिलं, तर काकी खिडकीतून आपल्या गावाकडे बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

शाळेच्या अंगणात गाडी शिरली. काका एसटीच्या सवयीने पटकन उतरून मागे गेले आणि त्यांनी दार उघडून धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बायकोसाठी गाडीचं दार उघडलं होतं. मोरपिशी पैठणी नेसलेल्या नंदाकाकी खाली उतरल्या. एक केस इकडचा तिकडे नाही. चाफ्याखाली खुर्च्या टाकून पदराने वारा घेत बसलेल्या पंधरावीस बाया उठून उभ्या राहिल्या. पहिल्यांदा कोणीच कोणाला ओळखेना. मग एकजण ओरडली, "नंदे! तूच ना गो ती? मास्तरांची छडी कौलावर टाकलेली?"

आणि त्यानंतर जो गलका झाला, तो सांगता येणार नाही. कोणी कोणाच्या गळ्यात पडत होतं, कोणी कोणाच्या दातांकडे बघून हसत होतं. जेवणं झाली. ऊन चढलं, शाळेतले पंखे गरगरत गरम हवाच फिरवत होते. तेव्हा काकींनी जाहीर केलं, "चला माझ्या गाडीत! गार वाटंल."

मग काकांना एसटीचे दिवस परत आले. एका वेळी जितक्या मावतील तितक्या आज्या आत कोंबायच्या, गावाला एक फेरी मारायची, त्यांना उतरवायचं आणि दुसऱ्या घ्यायच्या. "चला चला, पुढं सरका, मागं जागा हाय!" ते ओरडत होते. गाडीच्या आतून शाळेतल्या कविता ऐकू येत होत्या, एका सुरात कोणीच नाही. दर वेळी परतल्यावर दर्शना सवयीने बॉनेटपाशी कान नेऊन ऐकत होती. इंजिन शांत होतं, गारवा तसाच होता.

शेवटच्या फेरीतून उतरलेल्या एका पुण्याच्या आजीने तिला विचारलं, "तू कोण ग? नंदाची सून?"

"मी गाडीचा एसी दुरुस्त करणारी."

"तू केलास हा गारवा?" आजींनी डोळे विस्फारले, मग तिचे दोन्ही हात धरून तिला ओढलं. "अगो, इकडे या सगळ्या! ही बघा, हिनं केलाय!"

तोवर अंगणात फुगड्या सुरू झाल्या होत्या. काकींनी पैठणीचा पदर कमरेला खोचला आणि दर्शनाचे हात पकडले. "ये बाय," त्या म्हणाल्या, "माझ्याबरोबर." दर्शनाने शाळा सोडल्यापासून फुगडी घातली नव्हती. पहिली गिरकी वाकडी गेली, दुसरी जमली, आणि मग अंगण, चाफा, कौलारू शाळा, हसणाऱ्या आज्या आणि गाडीला टेकून टाळ्या वाजवणारे महिपतकाका, सगळं तिच्याभोवती गोल फिरू लागलं.